लेपर्ड कासवाच्या पिल्लाचे घर आणि आहार: आमचे कुठे चुकते आहे?

लेस्टरकर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आम्ही इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी सहा आठवड्यांपूर्वी आम्ही लेपर्ड जातीच्या कासवाचे एक पिल्लू घरी आणले. ते बंदिवासातच जन्मलेले असून साधारण सहा महिन्यांचे आहे, असे दुकानात सांगण्यात आले. आणले त्या दिवशी त्याचे वजन ९३ ग्रॅम होते. काल ते ९५ ग्रॅम भरले. वाढत्या वयाच्या पिल्लाने दीड महिन्यात दोनच ग्रॅम धरावेत हे मला ठीक वाटत नाही, म्हणून सगळे तपशील मांडून मदत मागते आहे.

दुकानातून मिळालेली लाकडी, वरून उघडी पेटी आम्ही वापरतो. तिची लांबी ९० सें.मी. आणि रुंदी ४५ सें.मी. आहे. तळाला लाकडाच्या भुशाच्या कोरड्या गोळ्या पसरल्या आहेत. एका टोकाला उष्णतेचा दिवा आणि त्याच्या शेजारी युव्हीबी (उन्हात असतात तशा अतिनील) किरणांचा लहान, पिळदार बल्ब आहे. दिव्याखाली ३३ अंश सेल्सिअस तापमान असते. रात्री दिवे बंद केल्यावर खोलीत १७ अंशांपर्यंत उतरते. हे आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातले जनावर असल्यामुळे त्याला अगदी कोरडे ठेवावे, आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे, असा सल्ला आम्हाला मिळाला होता व तो आम्ही काटेकोरपणे पाळत आलो.

आहारात काकडी, टोमॅटो, लेट्यूस आणि किसलेले गाजर असते. सासूबाई त्याला मधूनमधून केळ्याचा काप किंवा दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा देतात आणि ते पदार्थ ते आवडीने खाते. सासूबाईंच्या माहेरी, वाड्याच्या विहिरीत एक कासव होते व त्याला रोज भात घातला जाई, असे त्या सांगतात. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला नाही म्हणणे मला जड जाते.

गेल्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी लक्षात आल्या. पाठीवरचा एकेक खवला मधोमध किंचित उचलल्यासारखा वाटतो, जणू प्रत्येकाची लहानशी टेकडी होत आहे. शिवाय ते दिवसाचा बराच वेळ कोपऱ्यात भुश्याच्या गोळ्यांत तोंड खुपसून झोपलेले असते आणि काल आंघोळीच्या वेळी त्याच्यामागून पांढरा, वाळूसारखा खरखरीत गाळ पडला. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मिल्टन केन्सचा रहिवासी यांचे उत्तर

नमस्कार ताई. आपण मोजमापांसह लिहिलेत हे फार बरे झाले, कारण त्यामुळे नेमके उत्तर देता येते. माझ्याकडे दोन लेपर्ड कासवे आहेत. एक चौदा वर्षांचे आहे आणि दुसरे पाच वर्षांचे. त्या दोघांच्या पाठींकडे कोणीही पाहिले तरी आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते. थोरल्याला मी लहानपणी आपल्यासारखेच कोरडे ठेवले होते. त्याच्या पाठीवर आज अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे आहेत आणि ते आता आयुष्यभर तसेच राहणार. धाकट्याला पहिल्या दिवसापासून उबदार ओलाव्यात वाढवले. त्याची पाठ गारगोटीसारखी गुळगुळीत आहे. दोघांचा आहार जवळपास सारखाच होता.

या उंचवट्यांना कासव पाळणारे पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी त्याचा दोष जास्त प्रथिनांच्या आहाराला दिला जाई. व्हिएन्नामधील विस्नर आणि इबेन या संशोधकांनी सल्काटा, म्हणजे लेपर्डच्याच नात्यातल्या दुसऱ्या आफ्रिकी कासवाच्या पिल्लांवर प्रयोग करून २००३ साली असे दाखवले की हवेतील कोरडेपणा हे त्याचे मोठे कारण आहे आणि त्या मानाने प्रथिनांचा परिणाम अगदी कमी आहे. खवल्याच्या कडेला रोज नवे केराटिन तयार होत असते. हवा कोरडी असली की ते वाळून आक्रसते, आणि त्यामुळे वाढ बाहेरच्या दिशेला पसरण्याऐवजी खाली वळते व मधला भाग उचलला जातो. झालेला उंचवटा मागे जात नाही, पण आजपासून परिस्थिती बदलली तर पुढची वाढ सपाट होते. सहा महिन्यांचे पिल्लू म्हणजे अजून काहीच बिघडलेले नाही, तेव्हा धीर सोडू नका.

आता घराविषयी. उघडी पेटी मोठ्या कासवाला चालते. पिल्लाला ती चालत नाही, कारण इंग्लंडमधल्या घरांत हिवाळ्यात हीटर सुरू असले की हवा अत्यंत कोरडी होते, आणि उघड्या पेटीत आपण कितीही पाणी फवारले तरी दिव्याची ऊब ते तासाभरात वर घेऊन जाते. आपल्याला बंद पेटी लागेल. १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. उंच अशी सरपटणाऱ्या प्राण्यांची लाकडी पेटी जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. तिचे आतले सांधे मत्स्यालयाला वापरतात त्या सिलिकोनने बुजवून घ्या, नाहीतर ओलाव्याने लाकूड फुगते. समोरच्या काचेला खालून हातभर उंचीचा कागद आतून दिसेल असा चिकटवा. कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर तिच्यावर धडका देत पाय घासत राहते.

लाकडाच्या गोळ्या आजच काढून टाका. त्या हवेतला उरलासुरला ओलावाही शोषून घेतात आणि पोटात गेल्या तर फुगतात. त्यांच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणि ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल समप्रमाणात मिसळून आठ ते दहा सें.मी. जाड थर द्या. पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांमध्ये कोमट पाणी ओतावे, म्हणजे तळचा थर ओला राहतो आणि वरचा भाग, जिथे पिल्लाचे पोट टेकते, तो फारसा ओला होत नाही. मिश्रण मुठीत दाबले की लाडवासारखे वळले पाहिजे, पण बोटांच्या फटींतून पाणी गळता कामा नये. थंड टोकाला एक उलटे, अर्धे कापलेले कुंडीचे भांडे ठेवून त्यात ओले स्फॅग्नम शेवाळ भरा. पिल्लू आपणहून त्यात जाऊन बसेल. हवेतील आर्द्रता ७० ते ८० टक्के राहिली पाहिजे. त्यासाठी डिजिटल हायग्रोमीटर पिल्लाच्या उंचीवर लावावा, छतापाशी लावू नये.

यात एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. ओलावा हवा, पण तो उबदार हवा. थंड आणि ओले वातावरण कोरड्यापेक्षाही वाईट, त्याने फुप्फुसाचा संसर्ग होतो आणि पोटाकडचे कवच कुजते. आपल्याकडचे रात्रीचे १७ अंश मोठ्या, कोरड्यात राहणाऱ्या कासवाला एक वेळ सोसले असते. ओलाव्यातल्या पिल्लाला रात्रीही २४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून छताला लावा आणि त्याभोवती जाळी बसवा. दिवसा दिव्याखालची जागा ३५ अंशांच्या आसपास, उबदार टोक ३० ते ३२ आणि थंड टोक २५ ते २६ अशी उतरंड ठेवा, म्हणजे पिल्लाला स्वतःची जागा स्वतः निवडता येते. ही जात शीतनिद्रा घेत नाही. इंग्लंडमध्ये कासव म्हटले की शेजारीपाजारी हमखास विचारतात की ते हिवाळ्यात खोक्यात कधी ठेवणार. भूमध्य समुद्राकाठच्या कासवांना लागू असलेला तो प्रकार लेपर्डच्या बाबतीत केल्यास ते दगावेल.

पिळदार युव्हीबी बल्बचे किरण अगदी थोड्या जागेत पडतात. त्याऐवजी पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची टी-५ युव्हीबी ट्यूब परावर्तकासह लावा. किती उंचीवर लावायची ते तिच्या खोक्यावर दिलेले असते. तिच्याखाली काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नका, कारण युव्हीबी त्यातून आरपार जात नाही. खिडकीतले ऊनही याच कारणाने उपयोगाचे नाही. दिवे रोज बारा ते तेरा तास चालू असावेत. ट्यूब उजेड देत राहिली तरी तिच्यातील युव्हीबी हळूहळू कमी होत जाते, म्हणून पेटवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा आणि वर्षाने बदला.

आंघोळ रोज घाला, आठवड्यातून एकदा अजिबात पुरत नाही. पसरट भांड्यात हनुवटीपर्यंत येईल इतके कोमट पाणी घेऊन सकाळी पंधरा ते वीस मिनिटे पिल्लाला त्यात उभे करा. ते मान लांबवून नाकासकट तोंड पाण्यात बुडवते आणि गळ्याची कातडी लयीत वरखाली होऊ लागते, तेव्हा ते पाणी पीत आहे असे समजा. ते दृश्य आपल्या मुलाला जवळून दाखवा. आंघोळीनंतर मुलाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण निरोगी कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. हे भांडे स्वयंपाकघरात वापरू नये.

मँचेस्टरची पशुवैद्य यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. वैद्यकीय बाजूने काही गोष्टी जोडते.

आपण ज्या खरखरीत पांढऱ्या गाळाचा उल्लेख केलात तो युरेटचा आहे. कासवाच्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन बराचसा या रूपात बाहेर पडतो. पुरेसे पाणी मिळणाऱ्या पिल्लाचा गाळ दह्यासारखा मऊ असतो. तो वाळूसारखा लागणे हे शरीरात पाणी कमी असल्याचे लक्षण आहे आणि तसेच चालू राहिले तर मूत्राशयात खडा होऊ शकतो. रोजच्या आंघोळीने हा फरक आठ-दहा दिवसांतच आपल्याला दिसायला हवा.

तरीही वजन खुंटलेले आहे आणि झोप जास्त आहे, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला एकदा दाखवाच. सोबत ताज्या विष्ठेचा नमुना डबीत न्या, म्हणजे जंत आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे सुजून मिटणे, किंवा पोटाकडचे कवच अंगठ्याने हलके दाबल्यावर पुठ्ठ्यासारखे दबणे, यांतले काहीही दिसले तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जा. वजन दर आठवड्याला एकाच वारी, आंघोळीच्या आधी, स्वयंपाकघरात असतो तशा पण वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर करावे आणि वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरला त्या वहीचा इतर कशाहीपेक्षा जास्त उपयोग होतो.

एक गोष्ट मी ठळकपणे सांगू इच्छिते. घरी कुत्रा असेल तर त्याचे जंताचे औषध कासवाला देण्याचा मोह टाळा. आयव्हरमेक्टिन हे औषध कुत्र्यामांजरांत आणि गुराढोरांत सर्रास वापरले जाते, परंतु कासवाला ते विषासमान आहे आणि त्याने पक्षाघात होऊन मृत्यू येतो. तसेच डोळे सुजले म्हणून स्वतःच्या विचाराने अ जीवनसत्त्वाचे औषध देऊ नका. त्याचे प्रमाण जास्त झाले तर कातडी सोलवटून निघते.

जोहान्सबर्गहून यांचे उत्तर

मी गेली अकरा वर्षे दक्षिण आफ्रिकेत नोकरीनिमित्त राहतो. कासव मी पाळलेले नाही. इथल्या प्रांतांमध्ये स्थानिक कासव बाळगण्यासाठी परवाना लागतो, आणि मला ते मोकळे पाहायलाच आवडते. पण आपल्या पिल्लाचे मूळ गाव कसे आहे ते सांगितले तर पेटी कशी असावी हे समजायला मदत होईल, म्हणून लिहितो.

इथे आफ्रिकान्स भाषेत याला बर्गस्किलपाट म्हणतात, म्हणजे डोंगरकासव. पूर्वेकडे सोमालिया आणि इथिओपियापासून दक्षिणेकडे केप प्रांतापर्यंत त्याचा वावर आहे. तो प्रदेश वाळवंटाचा नाही. गवताळ माळ, काटेरी झुडपे आणि मधूनमधून एकट्यादुकट्या बाभळी असा आहे. आपल्याकडे सासवड-जेजुरीच्या बाजूचा माळ मोठा करून डोळ्यांसमोर आणला तर साधारण कल्पना येईल. वर्षातले बरेच महिने तो कोरडा दिसतो हे खरे आहे, पण पिल्लू त्या कोरडेपणात फिरतच नाही. मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, ती उबायला आठ महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत वेळ लागतो, आणि पिल्ले अंड्यातून बाहेर आली तरी वरची टणक माती पावसाने मऊ होईपर्यंत आतच थांबतात. म्हणजे त्यांचे जग पहिल्या दिवसापासून पावसाळ्याचे असते. पुढेही ती गवताच्या ठोंबांच्या बुडाशी, पाचोळ्याखाली दडून राहतात, जिथे बोट घातले तर ओल लागते. पिलानेसबर्गच्या राखीव जंगलात मी मोठी कासवे अनेकदा पाहिली; पिल्लू मात्र अकरा वर्षांत एकदाच दिसले, तेही नोव्हेंबरातल्या पहिल्या मोठ्या वळिवानंतर. डांबरी रस्त्यावरच्या खळग्यात साचलेले पाणी ते पीत होते, पुढचे दोन पाय पाण्यात, मागचे दोन रस्त्यावर. आम्ही गाडी थांबवून पाऊण तास बसलो.

मोठी कासवे गवत, काटेरी रोपे आणि रसाळ पानांच्या वनस्पती खातात. कॅल्शियमसाठी ती वाळलेली हाडे कुरतडतात, इतकेच नव्हे तर तरसाची हाडांच्या चुऱ्याने पांढरी झालेली विष्ठाही खातात. कवच बांधण्यासाठी त्यांना कॅल्शियमची किती निकड असते ते यावरून कळावे. फळ त्यांच्या वाट्याला क्वचितच, झाडाखाली पडलेले सापडले तर येते.

लेस्टरकर यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कोरडे ठेवण्याचा सल्ला मी तीन ठिकाणी वाचला होता व त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नव्हते. जमीन ओली झाल्याशिवाय पिल्ले वरच येत नाहीत हे वाचल्यावर मात्र आपण या जिवाला दीड महिना काय सोसायला लावले ते जाणवले. पेटी आणि हीटर मागवले आहेत, आंघोळ कालपासून रोज सुरू केली आहे. पशुवैद्यांकडे शुक्रवारची वेळ मिळाली.

आता आहाराविषयी विचारते. आमच्या स्वयंपाकघरात मेथी, कोथिंबीर, पालक, चवळई, कोबी, मुळ्याचा पाला या भाज्या नेहमी असतात. त्यांतले काय चालेल? आणि सासूबाईंना मी काय सांगू?

मिल्टन केन्सचा रहिवासी यांचे उत्तर

सासूबाईंच्या विहिरीतल्या कासवापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या भाषेत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या दोन्ही प्राण्यांना कासव हा एकच शब्द आहे आणि बरेचसे गैरसमज त्यातून होतात. विहिरीतले कासव मासे, बेडूक, किडे, पाणवनस्पती असे सर्व काही खाते, त्यामुळे त्याला भात पचला. लेपर्ड कासव मात्र गाईसारखे निव्वळ चरणारे आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात राहणारे सूक्ष्मजीव गवतातले तंतू आंबवतात आणि त्यावर त्याचे पोषण होते. पोळी, भात, दूध, केळे यांतील पिष्ट आणि साखर तिथे पोहोचली की ते सूक्ष्मजीव बिघडतात, पोट फुगते, जुलाब होतात आणि जंत वाढतात. सासूबाईंना असे सांगून पाहा की गाईला पुरणपोळी सणाला चालते, रोज घातली तर तिचे पोट फुगते. या पिल्लाचे पोट तर अंगठ्याएवढे आहे. मला वाटते, त्यांना ते पटेल.

काकडी, टोमॅटो आणि लेट्यूस यांत पाण्याशिवाय फारसे काही नाही. पालक आणि चवळईत ऑक्झलेट भरपूर असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्या टाळाव्यात. कोबी आणि मुळ्याचा पाला एखाद्या वेळी पानभर चालेल, पण रोज घातल्यास कंठस्थ (थायरॉईड) ग्रंथीच्या कामात अडथळा येतो. कोथिंबीर आठवड्यातून एकदोनदा मूठभर द्यायला हरकत नाही. मेथीत प्रथिने जास्त असल्यामुळे ती चव आणण्यापुरतीच. थोडक्यात, मंडईतल्या भाजीवर या पिल्लाला वाढवता येत नाही, आणि सुदैवाने इंग्लंडमध्ये त्याची गरजही नाही.

त्याचे खरे जेवण आपल्या परसात फुकट उगवते. डँडेलिअनची पाने आणि पिवळी फुले, रुंद व अरुंद अशा दोन्ही पानांचे प्लँटेन नावाचे तण, मऊ पानांचे सो-थिसल, मॅलो, चिकवीड, थोडासा क्लोव्हर, आणि या सर्वांबरोबर साधे गवत. ताटातला निम्म्याहून अधिक भाग गवताचाच असावा. पिल्लाच्या जबड्याला लांब पाती तोडता येत नाहीत, म्हणून ती कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरची करून बाकीच्या पानांत मिसळा. हिवाळ्यात टिमथी जातीचे वाळलेले गवत कोमट पाण्यात भिजवून तसेच कापावे. परिचितांकडे तुती, द्राक्षाचा वेल किंवा जास्वंद असेल तर त्यांची पाने मागून आणा. जास्वंदीचे लाल फूल तर आमच्या धाकट्याला दुरून दिसते आणि ते पेटीच्या दुसऱ्या टोकापासून त्याच्या दिशेने निघते. फड्या निवडुंगाचे पान काटे काढून आठवड्यातून एकदा द्यावे, त्यात पाणी, तंतू आणि कॅल्शियम तिन्ही असतात.

रस्त्याकडेचे, कुत्रे फिरवण्याच्या जागेवरचे किंवा तणनाशक मारलेल्या हिरवळीचे काहीही तोडू नका. डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह, बटरकप, रॅगवर्ट आणि ऱ्होडोडेंड्रॉन ही झाडे विषारी आहेत. मुलाला आधी तीच ओळखायला शिकवा, मग त्याच्या हाती टोपली द्या.

दिवे लागल्यानंतर तासाभराने, पिल्लाचे अंग तापले की, त्याच्या कवचाएवढा ढीग सपाट दगडी फरशीवर ठेवा. खडबडीत फरशीवर खाल्ल्याने चोच झिजत राहते. आठवड्यातून तीनचार वेळा फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट पानांवर भुरभुरवा. याशिवाय समुद्रफेनाचा एक तुकडा पेटीत कायम पडू द्या. कोकणातल्या किनाऱ्यावर पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे समुद्रफेन वाहून आलेले आपण पाहिले असेल. इथे तेच पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. त्याच्या पाठीचा कठीण पापुद्रा सुरीने काढून टाकला तर पिल्लाला मऊ बाजू कुरतडता येते. गरज वाटेल त्या दिवशी ते आपणहून जाऊन कुरतडते, चारदोन दिवस ढुंकूनही पाहत नाही.

पहिला आठवडा कठीण जाईल. काकडी आणि केळ्याची सवय लागलेले पिल्लू पाला पाहून तोंड फिरवते. अशा वेळी काकडीचा अगदी बारीक कीस पाल्याला चोळून लावा आणि रोज त्याचे प्रमाण कमी करत जा. मात्र ते दोन दिवस काहीच खात नाही आणि सुस्तही आहे असे दिसले, तर हट्टाने उपाशी ठेवू नका, पशुवैद्यांना कळवा.

पुण्याहून एक वाचक यांचे उत्तर

चर्चा वाचून माझ्या मुलीलाही असे पिल्लू पाळावेसे वाटू लागले आहे. इथे काही जण स्टार कासव मिळवून देतो म्हणतात, घरात कासव असले की लक्ष्मी येते असेही सांगतात. लेपर्ड मिळत नसेल तर ते घ्यावे का?

मँचेस्टरची पशुवैद्य यांचे उत्तर

कृपया घेऊ नका. स्टार कासव हे भारतातले वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात बाळगणे गुन्हा आहे. त्याची तस्करी इतकी वाढली की २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, त्याचा समावेश करावा लागला. मिळवून देतो म्हणणाऱ्यांकडचे कासव माळावरून पकडून, चिकटपट्टीने पाय आणि डोके बांधून, पिशवीत भरून आणलेले असते. त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. लेपर्ड कासव साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि भारतात असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रे नसलेले पिल्लू कोणी देऊ केले तर तेही नाकारा. शिवाय हे जनावर पूर्ण वाढल्यावर दीड फुटांपर्यंत लांब आणि पंधरा-वीस किलो वजनाचे होऊ शकते, पन्नास वर्षांहून अधिक जगते; फ्लॅटमध्ये त्याला फिरायला जागा कुठून आणणार, हा विचार आधी करावा.

लेस्टरकर यांचे उत्तर

दोन महिन्यांनी कळवते आहे. विष्ठेच्या तपासणीत जंत सापडले. पशुवैद्यांनी वजनाप्रमाणे मोजून औषध दिले आणि दुसऱ्या तपासणीत विष्ठा स्वच्छ निघाली. बंद पेटीत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते, रात्रीचे तापमान २५ अंश. कोपऱ्यात तोंड खुपसून झोपणे पहिल्या दहा दिवसांतच थांबले, युरेटचा गाळ आता मऊ असतो, आणि या रविवारी वजन १३१ ग्रॅम भरले. खवल्यांच्या कडेला फिकट, हस्तिदंती रंगाची एक बारीक रेघ उमटली आहे. माझा मुलगा त्यावरून बोट फिरवून सांगतो की जुना भाग उंच लागतो आणि नवी रेघ सपाट लागते.

सासूबाईंना मी गाईचे उदाहरण दिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी रोवळी घेऊन परसात गेल्या आणि डँडेलिअनची पाने धुऊन, निथळून, कात्रीने बारीक करून घेऊन आल्या. आता ते काम त्यांचेच आहे आणि त्यात दुसऱ्या कोणी हात घातलेला त्यांना चालत नाही.

एकच शंका उरली आहे. पुढच्या महिन्यात जून सुरू होईल. पिल्लाला बाहेर उन्हात नेता येईल का?

मिल्टन केन्सचा रहिवासी यांचे उत्तर

हे वाचून फार समाधान वाटले. जरूर न्या. सावलीत २० अंशांहून जास्त तापमान असेल, ऊन पडले असेल आणि गवत कोरडे असेल अशा दिवशी अर्धापाऊण तासापासून सुरुवात करा. वरून जाळी असलेला लाकडी चौकट-पिंजरा गवतावर ठेवावा, कारण मॅगपाय आणि कावळे एवढ्याशा पिल्लाला उचलून नेतात आणि कोल्हे दिवसाही परसात येतात. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत असू द्या आणि पाण्याची उथळ थाळी आत ठेवा. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवू नका, त्यात ते काही मिनिटांत भाजून मरेल. सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसणार असतील तर त्याहून उत्तम राखण नाही. ऊन कलायला लागले की पिल्लाला घरात आणा, त्या दिवशीची आंघोळ तेव्हा घाला आणि मग पेटीत सोडा.